फोटोवरून पार्ट ओळखायचा कसा? इस्त्रीतून निघालेल्या एका तुकड्याची गोष्ट

या भागाचं हे लिहिलेलं रूप. बोलताना जिथे मी अडखळले किंवा मागून कुकरची शिट्टी आली, तेवढं काढलंय. बाकी जवळपास तसंच आहे.

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी आईचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. मी पुण्यात असते, आई-बाबा छत्रपती संभाजीनगरला, पुंडलिकनगरमध्ये. फोटोत ओट्यावर ठेवलेली एक वस्तू. शेंगदाण्याएवढी, चंदेरी रंगाची नळी, दोन्ही टोकांना तारेचे पाय, आणि अर्धी नळी एका पांढऱ्या कापडी स्लीव्हमध्ये शिरलेली. फोटो हललेला. खाली मेसेज: "इस्त्रीतून हे निघालं. काय असतं गं हे? शेजारचे काका म्हणतायत, हे काढून वायर डायरेक्ट जोडतो, लगेच चालू होईल."

आधी एक सांगून टाकते. काकांचं म्हणणं खरं होतं. वायर डायरेक्ट जोडली असती तर इस्त्री लगेच तापली असती, आईने दुपारपर्यंत बाबांचे शर्ट केले असते, आणि काका हुशार ठरले असते. या सगळ्या प्रकरणातली खरी भीती हीच आहे. चुकीची दुरुस्ती बऱ्याचदा चालते.

मी आईला लिहिलं, "काकांना म्हणावं दहा मिनिटं थांबा." आणि जे आजकाल आपण सगळेच करतो ते केलं. फोटो उचलून इमेज सर्चमध्ये टाकला.

उत्तरं काय आली? डायोड. रेझिस्टर. काचेचा फ्यूज. एक निकाल तर कानातल्याच्या हुकाचा होता! शोधणाऱ्या सॉफ्टवेअरची यात चूक नाही. माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं आहे, म्हणून थोडं समजावून सांगते. गुगल लेन्ससारखी साधनं तुमच्या फोटोचं रूपांतर आकड्यांच्या एका लांबलचक यादीत करतात. रंग, कडा, आकार, पोत, सगळं त्या आकड्यांत मुरलेलं असतं. मग साठवलेल्या कोट्यवधी फोटोंपैकी कुणाची यादी आपल्या यादीच्या सर्वांत जवळ जाते, ते बघितलं जातं. म्हणजे तिथे "याच्यासारखं काय दिसतं?" या प्रश्नाचं उत्तर मिळतं. "हे काय काम करतं?" हा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही. गणपतीची मूर्ती किंवा चपलेचा ब्रँड ओळखायला दिसणं पुरतं. विजेच्या पार्टमध्ये मात्र दोन अगदी सारख्या दिसणाऱ्या वस्तू पूर्णपणे वेगळं काम करतात, आणि दोन वेगळ्या दिसणाऱ्या वस्तू एकमेकींच्या जागी बिनधास्त बसतात.

म्हणून मी आईला फोन लावला आणि विचारलं, हे आत कुठे होतं?

आईने फोन काकांकडे दिला. काका वाळूजच्या एका कंपनीतून रिटायर झालेले आहेत, हात चांगला आहे त्यांचा. म्हणाले, "अगं, थर्मोस्टॅटकडून एलिमेंटकडे जाणारी जी वायर आहे ना, तिच्या मधेच होतं. खाली पत्र्याला टेकून." मी म्हटलं, "काका, त्याच्यावर काही छापलंय का? बॅटरी तिरकी मारून बघा ना." थोड्या वेळाने दुसरा फोटो आला. या वेळी स्वच्छ. नळीवर बारीक अक्षरांत तीन गोष्टी दिसत होत्या: २५० व्होल्ट, १० अँपिअर, २४० अंश सेल्सिअस.

तिथेच उलगडा झाला. डायोडवर किंवा रेझिस्टरवर असं तापमान छापत नाहीत. हा थर्मल फ्यूज होता.

आता यातल्या आकड्यांकडे जरा नीट बघू, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. फ्यूज म्हटलं की आपल्याला वाटतं, करंट वाढला की उडणार. आपली इस्त्री १००० वॅटची आहे असं धरा. २३० व्होल्टवर ती साधारण ४.३ अँपिअर घेते. मग १० अँपिअरचा फ्यूज उडेल कशाला? तर तो करंटने उडत नाहीच. १० अँपिअर म्हणजे एवढा करंट तो आरामात सोसतो, इतकंच. उडवणारा आकडा तिसरा, २४० अंश. काही प्रकारांत आत एका खास पदार्थाची गोळी असते आणि तिच्या आधाराने एक स्प्रिंग दाबून बसवलेली असते. त्या तापमानाला गोळी वितळते, स्प्रिंग सुटते, कॉन्टॅक्ट उघडतो. दुसऱ्या प्रकारात कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू असतो. दोन्हींत गोष्ट एकदाच घडते. गार झाल्यावर तो परत जुळत नाही. आणि तसंच हवंय.

इस्त्रीचं तापमान रोज सांभाळतो तो थर्मोस्टॅट. दोन धातूंची पट्टी तापली की वाकते, कॉन्टॅक्ट उघडतो, गार झाली की परत जोडतो. तो खट् खट् आवाज त्याचाच. पण हजारो वेळा ठिणगी खाऊन कॉन्टॅक्ट कधीतरी एकमेकांना चिकटतात. मग इस्त्री तापतच राहते. आता विचार करा, घरातला एमसीबी तेव्हा काय करेल? काहीच नाही. करंट तोच आहे, ४.३ अँपिअर. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने सगळं सुरळीत चाललंय. आरसीसीबी असेल तर तोही गप्प, कारण करंट कुठे गळत नाहीये. घरात त्या क्षणी "फार तापलंय, बंद करा" हे ओळखणारी एकच वस्तू असते. ओट्यावर पडलेला तो शेंगदाणा.

हे सगळं काकांना सांगितलं. ते थोडं थांबले आणि म्हणाले, "मग हा उडालाय म्हणजे थर्मोस्टॅट गेलाय." मी पुण्यात बसून इंटरनेट चाळून जिथे पोचले, तिथे काका एका वाक्यात पोचले. त्यांना फक्त त्या तुकड्याचं नाव माहीत नव्हतं.

तर फोटोवरून पार्ट ओळखायचा असेल तर पहिला फोटो पार्ट काढायच्या आधीचा हवा. प्लग काढलाय, इस्त्री गार आहे, कव्हर उघडलंय, आणि सगळं जागच्या जागी आहे, असा. कुठली वायर कुठून येते आणि कुठे जाते, हे त्या फोटोत दिसतं. ओट्यावर काढून ठेवलेल्या पार्टची निम्मी ओळख तिथेच हरवलेली असते. अनोळखी गावात एखाद्याचं नाव विचारण्यापेक्षा "कुणाकडचे?" विचारलं की लवकर पत्ता लागतो, तसंच हे.

दुसरा फोटो उपकरणाच्या मागच्या किंवा खालच्या पट्टीचा, जिच्यावर मॉडेल नंबर, व्होल्ट, वॅट असतं. हा फोटो तर आजच काढून ठेवा, सगळ्या वस्तूंचा. गिझर आणि कूलरवरच्या पट्ट्या दोन-तीन वर्षांत पुसल्या जातात.

तिसरा, पार्टवरच्या छापलेल्या मजकुराचा. फ्लॅश बंद करा, नाहीतर अक्षरं चमकून गायब होतात. दुसऱ्या मोबाईलची बॅटरी बाजूने, तिरकी मारा. रबरावर किंवा प्लॅस्टिकवर कोरलेली अक्षरं वाचता येत नसतील तर पार्ट काढल्यावर वरून थोडी पांढरी रांगोळी चोळा आणि हलकेच पुसा. खाचेत रांगोळी बसते आणि अक्षरं उठून दिसतात. (आमच्याकडे ही युक्ती आईची. ती रोळीवर... असो, ती वेगळी गोष्ट.)

चौथा, मापाचा. शेजारी पट्टी ठेवा. ती नसेल तर दहा रुपयांचं नाणं, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. नाणं पार्टच्या बाजूला, त्याच पातळीवर हवं, आणि मोबाईल बरोबर वर, थोडा लांब धरून झूम केलेला. जवळून तिरका फोटो काढलात तर जवळची वस्तू मोठी दिसते आणि माप फसतं. मिक्सरच्या शाफ्टसारख्या गोष्टीला नाण्याचं माप चालणार नाही, तिथे व्हर्नियर लागतो. दुकानदाराकडे असतो, जुना कपलर घेऊनच जा.

आता छापलेलं वाचायचं तर कुठलं वाचायचं? यात मी स्वतः फसलेली आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना घरच्या टीव्हीचा बोर्ड गेला होता. बोर्डवर ठळक अक्षरांत "९४व्ही-०" छापलेलं. मी तोच बोर्डाचा नंबर समजून दोन दिवस शोधत होते. मिळाले हजारो बोर्ड, एकाचाही आपल्या टीव्हीशी संबंध नाही. कारण ९४व्ही-० ही त्या बोर्डाच्या मटेरियलची आग न पकडण्याची श्रेणी आहे. जगातल्या निम्म्या बोर्डांवर ते असेल.

असाच दुसरा चकवा पंख्याच्या कंडेन्सरवर असतो. इंजिनिअर त्याला कपॅसिटर म्हणतात, दुकानात कंडेन्सरच म्हणा. त्याच्यावर "२५/७०/२१" असं काहीतरी दिसेल. लोक तो पार्ट नंबर म्हणून सांगतात. तो हवामानाचा वर्ग आहे: उणे २५ अंशापासून ७० अंशांपर्यंत चालेल आणि दमट उष्णतेची २१ दिवसांची चाचणी झालेली आहे. आणि आयएसआयच्या चिन्हाखाली "सीएम/एल" आणि पुढे आकडे असतात, तो उत्पादकाच्या परवान्याचा नंबर. पार्टचा नाही. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून चिन्ह खरं की खोटं ते तपासता येतं, तेवढ्यासाठी उपयोगी.

पण त्याच चिन्हाच्या वर जो "आयएस" नंबर असतो, तो मात्र सोनं आहे. तो वस्तूचा प्रकार सांगतो. आयएस १७०९ म्हणजे पंख्याच्या मोटरचा कंडेन्सर, आयएस २९९३ म्हणजे इतर एसी मोटरचा. आयएस ३६६ इस्त्री, आयएस २०८२ साठवणीचा गिझर. डब्यात पाच वर्षांपासून पडलेला एखादा गोल पांढरा कंडेन्सर पंख्याचा की आणखी कशाचा, हा घरगुती वाद या एका नंबराने मिटतो.

कंडेन्सरबद्दल अजून थोडं, कारण उन्हाळ्यात मला सर्वांत जास्त फोटो त्याचेच येतात. पंखा हळू फिरतोय, किंवा हाताने ढकलला की सुरू होतोय, तर आधी त्याच्यावर संशय घ्यावा. बघायचं ते दोनच: एमएफडी किंवा मायक्रोफॅरड, समजा २.५, आणि व्होल्ट, बहुतेकदा ४४०. घरात २३० असताना ४४० कशाला? तर मोटर चालू असताना कंडेन्सरच्या दोन टोकांमध्ये पुरवठ्यापेक्षा जास्त व्होल्टेज येतं. म्हणून "आपल्याकडे २३०च आहे" म्हणून कमी व्होल्टचा बसवू नका. आणि वेग वाढावा म्हणून २.५ च्या जागी ४ तर अजिबात नको. वाइंडिंग तापतं. आकार मात्र वेगळा चालतो. जुना गोल होता, नवा चौकोनी मिळाला, काही बिघडत नाही. इथे फोटो बघून शोधणारा "हा तो नाही" म्हणेल, पण तोच असतो. हात लावायच्या आधी एमसीबी पाडा, आणि कंडेन्सरमध्ये बंद झाल्यावरही चार्ज राहू शकतो हे लक्षात ठेवा. मायक्रोवेव्हमधला कंडेन्सर हा तर जीव घेणारा प्रकार आहे. मायक्रोवेव्ह घरी उघडूच नका, ओळखायलाही नाही.

सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनमध्ये एकाच डबीत दोन कंडेन्सर असतात. वर १० + ४ असं काहीतरी लिहिलेलं, आणि तीन वायरी. मोठा आकडा धुण्याच्या मोटरचा, छोटा ड्रायरचा, एक वायर सामाईक. रंग बघून ठेवला नाही तर परत जोडताना डोक्याला हात लावून बसाल. पहिला फोटो म्हणते ती हीच गोष्ट.

वॉशिंग मशीनवरून आठवलं. आमच्या शहरात एक वाक्य खूप ऐकू येतं: "कंपनीच राहिली नाही, आता पार्ट कुठून आणायचा?" पैठण रोडवर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना, त्यामुळे इथल्या घरांत त्यांच्या वस्तू असणं साहजिक. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत एनसीएलटीत गेली. पण कंपनीचं काहीही होवो, मशीनच्या आतलं बरंचसं सामान कंपनीचं नसतंच. झाकण, पॅनल, आतला टब, इलेक्ट्रॉनिक बोर्ड हे त्या-त्या कंपनीचं. कंडेन्सर, पट्टा, ड्रेनचा पाइप, सील, बऱ्याचदा टायमरसुद्धा, हे बाहेरच्या पुरवठादारांचं आणि मापावर मिळणारं. दुकानात कंपनीचं नाव सांगितलं की "नाही मिळत" ऐकायला येतं. तोच पट्टा आकडा सांगून मागितला तर मिळतो. आकडा झिजला असेल तर जुन्या पट्ट्याभोवती दोरा फिरवून लांबी मोजा, आणि तो वापरून थोडा ताणलेला असणार हेही दुकानदाराला सांगा.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये "राईट टू रिपेअर"साठी समिती नेमली आणि पोर्टलही सुरू केलं. शेतीची यंत्रं, मोबाईल-टॅब, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही त्यातली चार क्षेत्रं. चांगली गोष्ट आहे, वॉरंटी आणि सर्व्हिस सेंटरची माहिती बघायला उपयोगी. पण काका हातात पक्कड घेऊन उभे असताना तुकड्याचं नाव शेवटी तुकड्याकडूनच काढून घ्यावं लागतं.

बरं, इस्त्रीचं काय झालं? पुढच्या रविवारी मी घरी गेले. काकांचा अंदाज बरोबर निघाला. नॉब बंदवर ठेवून मल्टिमीटर लावला तरी थर्मोस्टॅट बीप देत होता. कॉन्टॅक्ट चिकटलेले. नवा थर्मोस्टॅट घेताना स्क्रूच्या भोकांमधलं अंतर आणि दांड्याची उंची जुळवून घेतली. थर्मल फ्यूज अगदी स्वस्तात मिळाला, त्याच २४० अंशांचा. कमी अंशांचा घेतला असता तर जाड सुती कपड्याच्या सेटिंगवर विनाकारण उडाला असता, जास्तीचा घेतला असता तर उशिरा उडाला असता.

मग मी मोठ्या रुबाबात सोल्डरिंग गन काढली, फ्यूजचे पाय झाळले, आणि मल्टिमीटर लावला. बीप नाही. परत लावला. नाही. उष्णतेने उडणारी वस्तू मी सोल्डरच्या उष्णतेने उडवली होती! बीटेक आहे हो मी. काका काही बोलले नाहीत, फक्त चहाचा कप उचलून खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसरा फ्यूज आणला. या वेळी पाय दाबून बसवायच्या छोट्या धातूच्या नळीत घालून पकडीने आवळले. या कामाची हीच पद्धत आहे. आणि ती पांढरी स्लीव्ह परत चढवली. ती नुसतं वेष्टण नसते. अनेक थर्मल फ्यूजची धातूची डबी आतून एका पायाला जोडलेली असते, म्हणजे डबीतच वीज असते. स्लीव्ह फेकून दिली आणि डबी पत्र्याला टेकली, तर इस्त्रीचा अख्खा पत्रा करंट मारेल. इस्त्री जोडल्यावर आधी अर्थिंगची पिन आणि पत्रा यांच्यात बीप येतो का ते बघितलं, मग प्लग लावला. खट् खट् परत सुरू झालं.

परवा काकांचाच फोटो आला. त्यांचा गिझर खोलला होता. हातभर नाही पण वीतभर लांब, वेडीवाकडी खाल्लेली काडी, वर पांढरे थर, एका टोकाला आटे, आणि दुसऱ्या टोकाला नुसती तार उरलेली. मेसेज होता, "हे गंजलंय, काढून टाकू का?" पण या वेळी पहिला फोटो काडी जागेवर असतानाचा होता, एलिमेंटच्या शेजारी त्याच प्लेटवर बसलेली. दुसरा गिझरच्या पट्टीचा. त्यामुळे दोन मिनिटांत उत्तर देता आलं: काका, हा अ‍ॅनोड रॉड. मॅग्नेशियमचा असतो आणि गंजायलाच बसवलेला असतो. टाकीच्या पोलादाऐवजी पाणी आधी त्याला खातं. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, गिझरमध्ये बोअरचं, टँकरचं जातं, तेव्हा तो किती संपलाय ते दरवर्षी बघायचं. उरलेल्यावरून मूळ लांबी कळणार नाही, मॉडेल नंबर सांगून मागवा, आट्यांचं माप मात्र जुन्यावरून घ्या.

मापासाठी काकांनी काडीच्या शेजारी दहाची सहा नाणी एका रांगेत लावली होती. मी गुणाकार केला, १६२ मिलिमीटर. काकू म्हणे ती नाणी अजून शोधतायत.